चालतंय म्हणायचं नाही

मी पहिल्यांदा त्यांच्या दारात उभी राहिले तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. आधी उजव्या खांद्याकडे पाहिलं, मग गालाकडे. गालाच्या हाडावर जांभळा डाग होता आणि मी त्यावर भरपूर पावडर थापली होती.

"कोन मारतो?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही. बंदूक."

"मंग तीच मारते म्हन ना. आत ये."

मासवणला रस्त्यापासून थोडं आत, एका जुन्या चिंचेमागे त्यांची पत्र्याची शेड होती. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. बंदुका दुरुस्त करायचा सरकारी परवाना त्यांच्या वडिलांपासून घरात होता, तो चौकटीत घालून गणपतीच्या तसबिरीशेजारी टांगलेला. नळी, घोडा, चाप ही कामं ते करत, पण नाइलाजाने. त्यांचा खरा जीव होता दस्त्यात, म्हणजे बंदुकीचा लाकडी भाग असतो ना, खांद्याला लावायचा आणि गाल टेकवायचा, त्यात. तो दस्ता ज्याची बंदूक त्याच्या मापाचा हवा, या एका गोष्टीवरून त्यांनी आयुष्यभर जगाशी भांडण मांडलं होतं. भांडण एकतर्फी होतं, कारण जगाला त्याचा पत्ताच नव्हता.

शेडमध्ये एक नियम होता. "चालतंय" म्हणायचं नाही. "ॲडजस्ट करून घेईन" तर त्याहून नाही. कोणी म्हणालाच, तर मिस्त्री हातातलं काम खाली ठेवून दाराकडे बोट करत. मग त्या माणसाने बाहेर जायचं, चिंचेच्या खोडाला हात लावायचा आणि पुन्हा नव्याने आत यायचं. मोठमोठ्या बागायतदारांना मी त्या चिंचेला हात लावून येताना पाहिलेलं आहे. एक साहेब चिडून गाडीत बसून निघून गेले, त्यांची बंदूक मिस्त्रींनी तशीच, न दुरुस्त करता, घरी पोचती केली.

नियमातून सूट फक्त काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला. काकू ठेंगण्या आणि खमक्या. त्या मुद्दाम म्हणत. चहात साखर कमी पडली, चालतंय. पत्रा गळतो, चालतंय. म्हणायच्या आणि नवऱ्याच्या कपाळावरची शीर उठलेली बघत बसायच्या.

"ह्यांच्या हातात करवत दिली ना पोरी, की घर पन जागेवर राहात नाय," असं त्या मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या. खोटं नव्हतं ते. लग्न होऊन आल्या तेव्हा स्वयंपाकाचा ओटा काकूंच्या छातीपर्यंत येत होता, तो मिस्त्रींनी चार बोटं उतरवला. पुढे उंच सून आली तर तिच्यासाठी शेजारी दुसरा ओटा. घरात कुठल्याही दोन खुर्च्या एका उंचीच्या नव्हत्या. पाहुणा आला की आधी त्याच्या गुडघ्याखालचं माप नजरेने घेऊन मग खुर्ची पुढे व्हायची.

ते स्वतः चांगले उंच होते, आणि ताठ. परवान्याचं नूतनीकरण करायला पालघरला जावं लागे. तिथल्या सरकारी कचेरीतली खिडकी एवढी खाली, की तिच्यापुढे येणारा प्रत्येक माणूस कमरेत वाकूनच साहेबांशी बोले. मिस्त्री वाकत नसत. सरळ उभे राहायचे आणि खिडकीच्या वरच्या भिंतीला सांगायचे, "नमस्कार. परवान्यासाठी आलोय." आतून आवाज यायचा, खाली वाकून बोला. मिस्त्री भिंतीला म्हणायचे, "माझी उंची हीच हाय." मागची रांग ओरडायची. शेवटी कारकून वैतागून बाहेर यायचा, त्यांचे कागद घ्यायचा. हे दर खेपेला. मी एकदा सोबत होते, मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आता मीही वाकत नाही, ती गोष्ट वेगळी.

तरुणपणी ते बोईसरच्या एका कारखान्यात लाकडी साचे बनवायला होते. तिथे कामगारांना सुरक्षेचे बूट आले, सगळे एकाच मापाचे. बिहारकडचा एक लहान चणीचा कामगार बुटात चिंध्या कोंबून चालायचा. मिस्त्रींनी हटकलं तर तो म्हणाला, "चाचा, चलता है." मिस्त्री म्हणाले, "चलता नहीं है, लंगड़ाता है." आणि 'योग्य मापाचे बूट मिळाले' असं ज्या वहीत लिहून द्यायचं होतं, तिच्यावर सही करायला ते नाही म्हणाले. स्वतःचे बूट बरोब्बर बसत होते, तरी. साहेबांनी तीनदा बोलावलं. तिसऱ्यांदा मिस्त्री बूट साहेबांच्या टेबलावर ठेवून अनवाणी फाटकाबाहेर आले. कुंभवलीपर्यंत तापलेल्या डांबरावरून चालत गेले म्हणे. काकू ही हकिकत सांगताना शेवटी म्हणत, "आनी पायाचे फोड कोनी बांधले? मी."

आता माझं सांगते. मी चिंचणीची. आमची चिकूची वाडी आहे. मी बोईसरला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट. वडील गेल्यावर त्यांची बारा बोअरची दुनळी बंदूक दोन वर्षं कागद फिरवून मी माझ्या नावावर करून घेतली. भाऊ म्हणाला, कशाला नसती कटकट, जमा करून टाक. मी म्हटलं, नाही. रविवारी मनोरकडच्या माळावर एका हौशी मंडळाच्या रेंजवर जायला लागले. तिथे यंत्र हवेत मातीच्या ताटल्या फेकतं, त्या उडत्या ताटल्या फोडायच्या. पंचवीस ताटल्यांची एक फेरी.

माझ्या अकरा फुटत. फार तर बारा.

मंडळाचा महिलांचा संघ राज्याच्या स्पर्धेला जाणार होता. तीन जागा, त्यातली एक रिकामी. निवड दीड महिन्यावर. मला ती जागा हवी होती. इतकी हवी होती, की मी कोणाला बोलूनही दाखवलं नव्हतं. तोवरच्या आयुष्यात मी जे जे केलं ते कोणी ना कोणी सांगितलं म्हणून. ही एकच गोष्ट मी आपण होऊन मागत होते.

रेंजवरचे सर फौजेतून निवृत्त झालेले. शिस्तीचे, वाईट माणूस नव्हेत. पण त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "बंदूक बदलत नसते. आपण बदलायचं." मी बदलत होते. मान वाकडी करत होते, पाठ मागे कलवत होते, दात आवळत होते. दर सोमवारी गाल सुजलेला असायचा, प्रयोगशाळेत मुली कुजबुजायच्या. सरांनी शेवटी सांगितलं, तुझ्यात नेम नाही बेटा, हट्ट आहे नुसता.

आमच्या घरी याचं कुणाला नवल नव्हतं. नेम नसणं हा वडिलांकडून आलेला रोग आहे असं आईचं पक्कं मत. वडील होते तेव्हा दसऱ्याला शस्त्रपूजा झाली की वाडीच्या टोकाला बांबूवर नारळ ठेवायचे आणि ते एक बार काढायचे. सगळे नातेवाईक जमलेले असायचे. नारळ कधीही फुटला नाही. डावीकडच्या केळीच्या पानांची मात्र दरवर्षी चाळण. "नारळानं अजून एक साल काढलं," असं आई म्हणायची आणि अंगण हसायचं. सर्वांत मोठ्याने आईच. वडीलही हसायचे. मान एका बाजूला कलती ठेवून हसायची त्यांची सवय होती, ती मला आजही दिसते.

तर अशी मी, गालावर डाग घेऊन, मिस्त्रींकडे गेले. त्यांनी बंदूक उघडून रिकामी असल्याची खात्री केली, नळ्या उतरवून बाजूला ठेवल्या आणि नुसता दस्ता हातात धरून बराच वेळ पाहत राहिले. त्याच्या मानेवरून, म्हणजे मूठ धरतो त्या बारीक जागेवरून, अंगठा फिरवला.

"कुनाची ही?"

"वडिलांची."

"काय म्हनायचा बाप हिच्याबद्दल?"

"काही नाही. हसायचे."

मिस्त्री उठले. कोपऱ्यातला झाडू आणून माझ्या हातात दिला. "अंगन झाड."

मला वाटलं, थट्टा आहे. एमएस्सी झालेली बाई मी, रजा टाकून आलेली, आणि हा माणूस मला अंगण झाडायला लावतो! मी रागारागाने झाडलं. ते पायरीवर बसून बघत होते. मग दोन कळशा पाणी आणायला लावलं. मग काकूंनी भाकरी वाढली, ती खाताना बघत बसले. बंदूक हातात घेतली की माणूस सोंग आणतो, त्यांचं म्हणणं. झाडताना, जेवताना खांदा खरा कुठे राहतो ते कळतं.

मापासाठी त्यांची एक खोटी बंदूक होती. सगळी लाकडाची. नळीच्या जागी वेळूची काठी, दस्त्याला दाराच्या बिजागऱ्या आणि पंख्याचे स्क्रू लावलेले, म्हणजे हवा तसा वाकवता, लांबवता येतो. तिचं नाव बुजगावणं. खरी बंदूक रिकामी असली तरी माणसावर रोखायची नाही हा नियम ते देवासारखा पाळत, म्हणून हे सोंग. एका निवडणुकीत नवा हवालदार आला आणि ते बुजगावणंही ठाण्यात जमा करा म्हणाला. मिस्त्रींनी केलं. पावतीवर 'वेळूची बंदूक, बिजागऱ्यांसह' असं लिहून घेतलं आणि ती पावती परवान्याशेजारी टांगली.

"डोळे मीट," ते म्हणाले. "आता तुझ्या मनासारखी उचल, खांद्याला लाव, गाल टेकव. मान हलवायची नाय. आता उघड."

ते समोर उभे होते, आपला एक डोळा माझ्या डोळ्याच्या रेषेत धरून. काठीच्या टोकावर मला त्यांचा डोळा दिसला नाही, कान दिसला. त्यांनी स्क्रू फिरवला. पुन्हा मीट, पुन्हा उचल, पुन्हा उघड. आता नाक. असं तास दीड तास चाललं. आणि मग एकदा मी डोळे उघडले तर काठीच्या टोकावर बरोबर त्यांची बाहुली होती. मी काहीच केलं नव्हतं. मान सरळ होती, पाठ सरळ होती, दात मोकळे होते. मला रडू फुटलं. का ते तेव्हा सांगता आलं नसतं.

"झालं," मिस्त्री म्हणाले. "हे तुझं माप. आता हिला कापायला लागंल. सव्वा इंच. आनी मान उजवीकडं वळवायची."

कापायला लागेल म्हटल्यावर माझा चेहरा उतरला. कारण बंदूक वडिलांची असली तरी मुळात ती आईच्या वडिलांची. आजोबांचे हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी सगळे कागद करून ती जावयाला दिली होती. अक्रोडाचा दस्ता, त्यावर आजोबांनी वर्षानुवर्षं हाताने मुरवलेलं तेल. घरी विचारलं तर आई चिकू निवडत होती, तिने मान वर केली नाही.

"माझ्या बापाच्या वस्तूला करवत लावायची नाय."

"अगं पण गाल बघ माझा."

"तुझ्या बापानं तीस वर्षं वापरली. त्याला नाय कधी कापायला लागली."

"त्यांना नारळ तरी कधी फोडता आला?"

"ते त्यांच्या नेमाचं," आई म्हणाली आणि हसली. ठरलेलं हसू.

मी मासवणला गेले आणि म्हणाले, "मिस्त्रीकाका, राहू द्या. आई नको म्हणते. मी ॲडजस्ट करून घेईन."

त्यांनी दाराकडे बोट केलं.

मी बाहेर आले. चिंचेला हात लावला नाही, तडक स्कूटर काढली. पुष्कळ झाली ही नाटकं, असं मोठ्याने म्हणत वस्तीच्या शेवटच्या घरापर्यंत गेले. तिथे आरशात माझा गाल दिसला. पावडर निघाली होती. मी स्कूटर वळवली, चिंचेला हात लावला आणि आत गेले.

मिस्त्री तसेच बसलेले होते. या वेळी त्यांनी स्टूल पुढे केलं.

"ही बंदूक माझ्याकडं येऊन गेलीय," ते म्हणाले. "तू तेव्हा जन्मली पन नसशील. तुझा बाप घेऊन आला व्हता. त्याच्या पन गालावर हेच."

मी स्टुलावर बसले.

"ही डावखुऱ्याची बंदूक हाय, पोरी. दस्त्याची मान डावीकडं वळलेली हाय, बघ. डाव्या खांद्याला लावनाऱ्याच्या डोळ्यासमोर नळी बरोबर येते. उजव्यानं लावली तर लाकूड गालात घुसतं नि बार डावीकडं जातो. कितीबी चांगला नेम असू दे. तुझ्या बापाला मी बुजगावन्यावर बघितला. डोळा असा व्हता त्याचा, की मी तसा दुसरा बघितला नाय."

केळीची पानं माझ्या डोळ्यांपुढे आली. दरवर्षीची. डावीकडची.

"मग का नाही कापली?"

"मी सांगितलं कापू म्हनून. तो बोलला, सासऱ्यानं हौसेनं दिली, बायकोच्या बापाची वस्तू हाय, तिला करवत लावली तर तिला वाईट वाटंल. मी मान वाकडी करून चालवून घेतो. मी त्याला चिंचेकडं धाडला. तो गेला, झाडाला हात लावला, नि तिथनंच हसून मला रामराम केला. परत आत आलाच नाय." मिस्त्रींनी दस्ता फडक्याने पुसला. पुसायची गरज नव्हती. "त्यानं घरी सांगितलं नाय, म्हनून मी पन बोललो नसतो. पन आता तू बी मान वाकडी कराया लागलीस."

त्या दिवशी घरी जाऊन मी आईला सगळं सांगितलं. चिकू तिच्या हातात तसाच राहिला. आजोबा डावखुरे होते ना, असं मी विचारलं. "कोयता डाव्या हातात धरायचे," ती म्हणाली. "जेवताना आजी हातावर मारायची." मग उठली, भिंतीवरचा वडिलांचा फोटो काढला, पदराने पुसला. फोटोत वडिलांची मान उजवीकडे कललेली. आम्ही ती लाडाची लकब समजत होतो.

"त्यांना ठाऊक व्हतं?"

"हो."

"नि मी दर दसऱ्याला..." तिने वाक्य पुरं केलं नाही. ती रात्री जेवली नाही. मलाही घास गेला नाही. वडिलांचा मला भयंकर राग आला होता. बोलले का नाहीत? एक वाक्य तर होतं. एवढं सोसून कुणाचं काय भलं केलं? त्यांच्या मुलीच्या गालावर तोच डाग उमटला, एवढंच. हा राग अजूनही पूर्ण गेलेला नाही, आणि तो घालवायची मला घाईही नाही.

सकाळी आई लग्नाला नेसायचं लुगडं नेसून दारात उभी. "चल," म्हणाली. स्कूटरवर मागे बसून मासवणला आली. शेडमध्ये शिरली आणि मिस्त्रींना म्हणाली, "कापा."

"बाय, आधी बसा," मिस्त्री म्हणाले.

ती स्टुलावर बसली. पाय जमिनीला टेकेनात. मिस्त्रींनी ते पाहिलं, तिला उठवलं, स्टूल आडवं केलं आणि त्याचे चारी पाय वीतभर कापून काढले. "आता बसा." आई बसली. पाय टेकले. ती त्या माणसाकडे बघत राहिली आणि मग वडील गेल्यानंतर पहिल्यांदा माझ्यासमोर मोकळी रडली. काकूंनी तिला पाणी दिलं. मिस्त्रींनी तोवर दस्त्यावर पेन्सिलीने रेघ मारून चिकटपट्टी लावली, लाकडाचा टवका उडू नये म्हणून. करवत चालवली तेव्हा दस्त्याचं दुसरं टोक आईने धरलं होतं. ते तिनेच मागून घेतलं.

मानेचं काम दोन दिवस चाललं. जवसाचं तेल उकळत ठेवून, फडकं गुंडाळून ते दस्त्याच्या बारीक जागेवर सोडत राहायचं, लाकूड मऊ झालं की शिकंज्यात धरून हळूहळू उजवीकडे वळवायचं. फार वळवलं की तडकतं. मिस्त्री लाकडाशी बोलत होते, त्यात शिव्याही होत्या. मग गालाची जागा कानशीने उतरवली, मागे रबर लावलं, तेल दिलं.

निवडीच्या दिवशी रेंजवर एकीने बंदूक पाहून विचारलं, "ही वाकडी का?" मी म्हटलं, "ही सरळ आहे. आजवर वाकडी होती." माझ्या पंचविसातल्या वीस फुटल्या. पहिली ताटली फुटली तेव्हा मी मान वाकडी करायची विसरले होते, दुसरीला मात्र ठरवून केली नाही.

सर खूश झाले. सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बघा, मी म्हणत होतो ना? माणूस बदलला की सगळं जमतं."

"मी नाही बदलले, सर," मी म्हणाले. "बंदूक बदलली."

ते हसले, मी हसले नाही. निवडीला आलेल्या बाकीच्या तीनही मुली माझ्याकडे बघत होत्या, म्हणून मी तेच पुन्हा एकदा, जरा मोठ्याने सांगितलं. जागा मला मिळाली. त्या वर्षी त्यातल्या दोघी मासवणला अंगण झाडून आल्या.

मी पेढे घेऊन मिस्त्रींकडे गेले. किती फुटल्या, निवड झाली का, काही विचारलं नाही. "गाल दाखव," म्हणाले. अंगठ्याने हाड दाबून पाहिलं. डाग नव्हता. मग पेढा घेतला.

त्या दसऱ्याला शस्त्रपूजेला नातेवाईक जमले. बार काढायची पद्धत वडिलांबरोबर गेलेली, पण गोष्ट राहिलेली. मामांनी ती काढलीच, नारळाने किती सालं काढली त्याची. अंगण हसायला लागलं. आई पूजेच्या ताटापाशी होती. ती उभी राहिली.

"नेम चुकत नव्हता त्यांचा," ती म्हणाली. "बंदूक माझ्या बापाची व्हती. डावखुऱ्याची. आनी ते मला दुखू नये म्हनून गप राहिले. आता ह्याच्यावर कोनी हसायचं नाय."

मामांनी कापण्याबद्दल काहीतरी पुटपुटून पाहिलं, बापाची आठवण वगैरे. आईने कापलेला सव्वा इंचाचा तुकडा ताटातून उचलला आणि त्यांच्या हातावर ठेवला. "ही घे तुझी आठवन."

मिस्त्री गेल्या उन्हाळ्यात गेले. शेवटची दोन वर्षं कमरेत वाकले होते, काठी घेऊन चालत. ती काठीही तीनदा कापली, वाकत गेले तशी. मुलगा विरारला राहतो, त्याने पुष्कळ बोलावलं, होईल ॲडजस्ट म्हणाला. अर्थातच ते गेले नाहीत.

निरोप आला तेव्हा आई आणि मी मासवणला पोचलो. ऊन रणरणत होतं, माणसांना घाई होती. अंगणात तिरडी बांधून तयार. त्यांना उचलून वर ठेवलं आणि तेव्हा कळलं. वाकलेल्या म्हाताऱ्याच्या अंदाजाने बांबू तोडलेले, आणि झोपवल्यावर तो माणूस पुन्हा होता तसा ताठ, लांब झालेला. दोन्ही पाय घोट्यांच्या वरपासून बाहेर लोंबत होते.

बाप्ये एकमेकांकडे बघायला लागले. कोणीतरी म्हणालं, गुडघे जरा दुमडा. मुलाने घाम पुसला. "चालतंय," तो म्हणाला. "जवळ तर जायचंय."

काकू ओसरीवर बायकांच्या गराड्यात बसल्या होत्या. त्या उठल्या.

"कोन बोललं चालतंय?"

मुलगा पुढे आला.

"आई, अगं ऊन..."

"बाहेर जा," काकू म्हणाल्या. त्यांचं बोट चिंचेकडे होतं. "चिंचेला हात लावून ये. आनी ते सोडा सगळं. मापाची बांधा."

मुलगा गेला. चाळिशी उलटलेला माणूस, भर उन्हात, सगळ्या गावासमोर गेला आणि खोडाला हात लावून उभा राहिला. इकडे बाप्ये गाठी सोडायला लागले. एकाने विचारलं, उंची किती धरायची? कोणालाच माहीत नव्हती. सगळ्या पंचक्रोशीचे खांदे, गाल, गुडघे त्यांच्या मापांच्या वहीत होते. त्यांचं स्वतःचं माप कोणी कधी घेतलेलं नव्हतं.

मी शेडमध्ये गेले, खिळ्यावरची टेप काढली. बायकांनी तिरडीजवळ यायचं नसतं, असं एक म्हातारा म्हणाला. मी त्याच्याकडे पाहिलंही नाही. आईने टेपचं एक टोक त्यांच्या डोक्याशी धरलं, मी टाचेशी बसले.

"पाच फूट अकरा इंच," मी वाचलं.

"नीट बघ," काकू म्हणाल्या.

मी पुन्हा बघितलं. "अकरा आणि वर दोन सूत."

काकूंनी मान हलवली. मुलगा चिंचेकडून परत आला होता, त्याने न बोलता भिंतीची करवत काढली आणि नवे बांबू आणायला गेला.